मृगशिंगाचे उरलेसुरले तुकडे: काय काय करता येईल?

सुईदोरा

माझी एक मैत्रीण सुऱ्यांच्या मुठी बनवते. शिंगाचा सरळसोट, दहा-बारा सेंटिमीटरचा भाग मुठीसाठी कापून घ्यायचा आणि बाकीचं खोक्यात टाकायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता घर बदलताना ते खोकं तिनं माझ्या गळ्यात मारलं. वजन केलं, साडेतीन किलो भरलं!

आत आहे काय: वीसेक अणकुचीदार टोकं, सहा बुडखे (शिंग कवटीला जिथं चिकटलेलं असतं तिथली खडबडीत कडी असलेला भाग), मधे भोकाभोकाच्या चकत्या, कुठूनच सरळ नाहीत असे वाकडे ठोकळे आणि दोन मुठी ढलप्या. सगळी शिंगं आपोआप गळून पडलेली आहेत. मी राहते तिथं अशी शिंगं गोळा करायला आणि विकायला परवानगी आहे, मैत्रिणीकडे पावत्याही आहेत. हे आधीच सांगते, कारण प्रश्न येणारच.

माझं काम शिवण-भरतकामाचं, थोडंफार चामड्याचं. हत्यारं म्हणाल तर हॅक्सॉ, दोन कानशी आणि एक लहान ड्रिल. आतापर्यंत चार बटणं केली, त्यातलं एक भोक पाडतानाच दुभंगलं. आणि घरभर केस जळल्याचा वास. नवरा म्हणतो, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय.

अनुभवी मंडळींनो, सुचवा.

लाकूडतोड्या

ताई, आधी मास्क. कापडी नव्हे, निदान एन-९५. तो वास येतोय म्हणजे हाडाची भुकटी नाकात जातेय. शिंग घासताना उडणारी धूळ फार बारीक असते, फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही. शक्यतो ओलं करून घासा, अंगणात किंवा गॅलरीत बसा, आणि ड्रिलचा वेग कमी ठेवा. वास वाढला म्हणजे तुकडा तापतोय. तापला की तडकतो.

बाकी खोक्याचा हेवा वाटला. सविस्तर लिहितो रात्री.

निळाई

वाचतेय. एक भाबडा प्रश्न: शिंग म्हणजे नखासारखंच ना? मग गरम पाण्यात टाकून वाकवता येईल का? वाकडे ठोकळे सरळ झाले तर प्रश्नच मिटला.

गारगोटी

निळाई, नखासारखं असतं ते गाई-म्हशींचं, शेळ्या-मेंढ्यांचं शिंग. ते केराटिन, आत हाडाचा खुंट आणि वर पोकळ टोपी. ती गरम केली की मऊ पडते, दाबून सपाट करता येते. एकदा आलं की जन्मभर डोक्यावर.

हरणकुळातल्यांचं प्रकरण निराळं. ते शिंग म्हणजे अस्सल हाड. दरवर्षी नवं उगवतं, वर मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त पुरतं, वाढ पुरी झाली की कातडी वाळून सोलून निघते आणि हंगाम संपला की अख्खं शिंग गळून पडतं. काही मोठ्या जातींत वाढीचा वेग दिवसाला दोन सेंटिमीटरच्या वर जातो. शिंगं नरालाच, अपवाद रेनडिअरचा, तिथं मादीलाही असतात.

त्यामुळे उष्णतेनं वाकवायचा नाद सोडा. पाण्यात दोन-चार दिवस भिजवलं तर मात्र कापायला आणि कोरायला बरंच सोपं जातं. नंतर सावलीत सावकाश वाळवायचं. उकळायचं नाही. फार उकळलं की त्यातला चिवटपणा देणारा अंश सुटून जातो आणि शिंग खडूसारखं होतं.

रानवाट

धागाकर्तीनं परवानगीचं लिहिलंय ते चांगलं केलं. पण इथले बरेच वाचक भारतात आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंगाचा समावेश 'ट्रॉफी'च्या व्याख्येत आहे. जंगलात पडलेलं चितळाचं किंवा सांबराचं शिंग 'आपोआप गळलंय' म्हणून उचलून आणता येत नाही, विकत घेता येत नाही, त्याच्या वस्तू करून विकता येत नाहीत. फिरायला गेलात, दिसलं, तर फोटो काढा आणि पुढं चला.

शिवाय पडलेली शिंगं जंगलात वाया जात नाहीत. साळिंदर आणि उंदीर ती कुरतडतात, कॅल्शियमसाठी.

माळ्यावरचा

बापरे. आमच्या माळ्यावर पणजोबांच्या काळचं सांबरशिंग आहे, अर्धं मोडकं. हा धागा उघडताना मनात तेच होतं, की चार बटणं करून टाकू.

रानवाट

करवत लावू नका. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ साली नियम काढून १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा घरच्यांनी कागद केलेत का ते आधी शोधा. नसतील तर वनखात्याशीच बोला. बटणं नारळाच्या करवंटीचीही छान होतात.

माळ्यावरचा

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "कसले कागद?" म्हणजे झालंच.

लाकूडतोड्या

काल लिहायचं राहिलं.

ताई, सगळ्यात आधी खोकं जमिनीवर ओता आणि आकारानं नव्हे, गाभ्यानं वर्गवारी करा. शिंगाला बाहेरून टणक कवच असतं आणि आत भेंड, म्हणजे स्पंजासारखा सच्छिद्र भाग. टोकाकडे भेंड जवळपास नसतंच, बुंध्याकडे वाढत जातं. जातीप्रमाणेही फरक: सांबराच्या शिंगात भेंड कमी, म्हणून तर सुरीच्या मुठीला त्याची एवढी ख्याती झाली. वापिटी या मोठ्या अमेरिकन हरणाच्या शिंगात जास्त. मूस या थंड प्रदेशातल्या महाकाय हरणाचं शिंग पंजासारखं पसरट, त्याच्या सपाट पाट्या निघतात. कुठलंही असलं तरी नियम एकच: ताण किंवा घासणी सोसणारी वस्तू टणक भागातून करायची, भेंड शोभेला.

तुमचं बटण दुभंगलं ते बहुधा भोक कवच आणि भेंड यांच्या सीमेवर पडल्यामुळे. ड्रिलची एक बाजू दगडात आणि एक बाजू पावात, मग ती सरकणारच.

मी असं करतो. टोकापासून थोडं मागचा, अंगठ्याएवढा जाड फाटा घेतो. लाकडी पट्टीवर टेकवून हॅक्सॉनं पाच मिलिमीटरच्या चकत्या. तीन मिलिमीटरच्या केल्यात तर दिसायला नाजूक, धुलाईत जातात. भोकाच्या जागी आधी सुईनं खळगा, मग दोन मिलिमीटरचं ड्रिल, चकतीखाली लाकडाचा ठोकळा दाबून धरलेला. निम्म्यात आलं की उलटवून दुसऱ्या बाजूनं, म्हणजे खालचा कपचा उडत नाही. कडा घासायचं काम भोकं पाडून झाल्यावर. चकतीत मधे बारीक भेंड दिसत असेल तर त्यावर पातळ सुपरग्लूचे दोन थेंब सोडा. क्षणात शोषतं. वाळलं की तो भागही कवचासारखा घासता येतो. गोंद सोडताना तोंड त्याच्या अगदी वर आणू नका, डोळे चुरचुरतात.

घासायला पॉलिश पेपर १२० नंबरपासून २२०, ४००, ६०० असा चढत जा. मधली पायरी गाळली की शेवटच्या चकाकीत पहिले ओरखडे दिसतात आणि मग सगळं पुन्हा. हे मी तीनदा शिकलोय.

चामडेबाज

चामड्याचं काम करता म्हणताय आणि टोकांचं काय करू विचारताय? ती वीस टोकं मला द्या :)

एक तर घोटणी. पेन्सिलीएवढं टोक घ्या, अणी गोल करून हजार नंबरपर्यंत घासा, मग कापडावर खडूची पूड आणि पाणी घेऊन चोळा. काचेसारखं झालं पाहिजे. पट्ट्याची कड ओली करून त्यावर हे फिरवलं की कड मिटून काळपट चमकते. टोकाला एक उथळ खाच कानसून घेतलीत तर कड तिच्यात बसते, निसटत नाही. माझ्याकडचं लाकडी घोटण पडून आहे, हे शिंगाचंच हातात येतं.

दुसरं, आरीची (चामडं टोचायच्या हत्याराची) मूठ. वाकडा ठोकळा इथं कामाला येतो, सरळ मुठीपेक्षा तळव्यात चांगला बसतो. ठोकळ्यात आरीच्या शेपटीपेक्षा किंचित मोठं भोक, आत इपॉक्सी, एक रात्र स्वस्थ.

तिसरं, पिशव्यांना दांडी-बटणं. टोकाचा चार सेंटिमीटरचा तुकडा, मधोमध आडवी खाच, खाचेत दोरा. भोक पाडायचीही गरज नाही. बाहेरची तपकिरी साल तशीच ठेवा. तो रंग वरवरचा असतो, झाडांवर घासताना लागलेला रस, रक्त, माती. एकदा घासलात की गेला, पांढरं हाड उरतं.

गारगोटी

टोकांवर माझाही दावा. गारगोटीची पाती पाडणारे आमच्यासारखे वेडे लोक ही टोकं दाबहत्यार म्हणून वापरतात. दगडाच्या धारेवर टोक टेकवून नेटानं दाबलं की खालून पातळ कपचा सुटतो. धातूपेक्षा शिंग बरं, कारण दगडाची धार त्यात किंचित रुतते आणि पकड मिळते. बुडख्याकडचा जड भाग हातोडा म्हणून.

हे काही आमचं डोकं नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या स्टार कार इथं सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची, लाल हरणाच्या शिंगाची दातेरी भाल्यांची टोकं शंभराच्या वर सापडली आहेत. शिंगावर दोन समांतर खोल चरे पाडायचे आणि मधली लांब कामटी उचकटून काढायची, अशी पद्धत. तिथल्याच नॉरफोकमधल्या ग्राइम्स ग्रेव्ह्जच्या चकमकीच्या दगडाच्या खाणी तर शिंगांच्या कुदळींनी खणलेल्या. आपल्याकडे बिहारमध्ये चिरांदला नवाश्मयुगीन हाडांची आणि शिंगांची हत्यारं मोठ्या संख्येनं मिळाली.

अवांतर झालं, पण उरलेल्या तुकड्यांचा प्रश्न फार जुना आहे एवढंच म्हणायचंय. मध्ययुगीन कारागिरांच्या वस्त्यांत शिंगांचे कापून टाकलेले तुकडे ढिगानं सापडतात. त्यांनाही सगळ्याचं काय करायचं ते सुचलं नव्हतं.

निळाई

वाखूसा (वाचनखूण साठवली). गारगोटी, या कामट्यांवर वेगळा धागा काढा ना.

सुईदोरा

मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. घोटणी झाली, सुंदर झाली. बटणं अकरा, एकही फुटलं नाही. गोंदाची युक्ती अफाट आहे.

मग डोकं चढलं आणि कंगवा करायला घेतला. सर्वांत जाड दांड्याचा आडवा काप काढला, छान लंबगोल चकती, आठ मिलिमीटर जाड. तिच्या एका कडेला दाते पाडायला सुरुवात केली. पहिला दाता उभा राहिला. दुसरा पाडताना पहिला गेला. चौथ्यापर्यंत आले तेव्हा दोन हातात आणि दोन जमिनीवर. फोटो टाकलाय, हसू नका. कंगवा कमी आणि माझ्या आजीचं बोळकं जास्त दिसतंय.

कुठं चुकलं?

गारगोटी

हसलो, माफ करा.

चूक काप आडवा घेण्यात. शिंगाचे तंतू लांबीच्या दिशेनं धावतात, बांबूसारखे. बांबूची आडवी चकती कापून तिचे दाते पाडले तर काय होईल? प्रत्येक दात्यात तंतूंचे आखूड तुकडे, एकमेकांना नुसते चिकटलेले. बोट लागलं की तुटणार. दाता तंतूंच्या दिशेनं उभा हवा.

पण मग अडचण अशी की लांबीच्या दिशेनं पाटी काढायची तर शिंग गोल, कवच पातळ, रुंद पाटी मिळतच नाही. उत्तर युरोपातल्या व्हायकिंग काळच्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी अख्खा कंगवा एका तुकड्यातून करायचा हट्टच सोडला. लहान लहान पाट्या शेजारी-शेजारी उभ्या लावायच्या, प्रत्येकीचे तंतू दात्यांच्या दिशेनं. मग वरच्या बाजूला दोन लांब पट्ट्या, एक पुढून एक मागून, ह्यांचे तंतू मात्र आडवे, कंगव्याच्या लांबीच्या दिशेनं. सगळ्यांतून आरपार रिव्हेट. दाते पाडायचे ते सगळं जुळल्यानंतर. उत्खननात मिळालेल्या कंगव्यांच्या पट्ट्यांच्या खालच्या कडेवर करवतीच्या बारीक खुणा असतात, दाता पाडताना करवत थोडी पुढं गेलेली. हजार वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी हात जरासा घसरलेला.

आणि हे तंत्र तुमच्यासाठीच आहे. लहान पाट्या म्हणजे उरलेले तुकडेच.

लाकूडतोड्या

+१. फक्त पाट्यांच्या आतल्या बाजूचं भेंड पूर्ण घासून काढा. नाहीतर दात्याची एक बाजू हाड, एक बाजू स्पंज. आणि भिजवून कापलेले तुकडे पूर्ण वाळल्याशिवाय जुळवू नका, वाळताना थोडे आखडतात. रिव्हेटला जाड पितळी तार चालेल.

उनाड

अंगठ्या कुणी करतं का? दांड्याचा आडवा काप, मधलं भेंड पोखरलं की अंगठी तयार!

लाकूडतोड्या

तयार, आणि महिन्याभरात तुटलेली. मी अंगठ्यांच्या विरुद्ध आहे. हात धुतले की पाणी पिते, मळते, मग एका सकाळी तडा.

उनाड

दादा, माझी दीड वर्षं टिकली आहे. आतून पातळ तांब्याची कडी बसवली आणि वरून तीन हात पातळ गोंदाचे. तुम्ही नुसती मेण लावलेली घातली असणार.

लाकूडतोड्या

मेण लावलेलीच होती. असो. तांब्याची कडी असेल तर ती तांब्याची अंगठी झाली, शिंगाचा फक्त दागिना.

उनाड

मान्य, पण सासूबाईंना आवडली.

पाऊलखूण

कुत्र्याला चघळायला देतात ना हे तुकडे? आमच्या बंड्यासाठी विचारतेय.

चामडेबाज

देतात, बाजारात मिळतातही. पण आमच्या कुत्र्याची वरची मोठी दाढ त्यावर उभी फुटली आणि काढावी लागली. पशुवैद्य म्हणाले, नख दाबल्यावर खूण उठत नसेल इतकी कडक वस्तू चघळायला द्यायची नाही. गोंद, रंग लागलेला तुकडा तर मुळीच नको.

आणि कवटीच्या हाडासकट आलेला तुकडा खोक्यात असेल तर तो बाजूला काढा. उत्तर अमेरिकेत हरणांत मेंदूचा एक झिजवणारा आजार पसरलेला आहे, तो प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांमुळे, होतो आणि प्रायॉन उकळून मरत नाहीत. गळून पडलेल्या शिंगाला कवटी नसते, त्यामुळे बुडखा तळाशी बहिर्गोल आणि खडबडीत दिसला की समजायचं गळलेलं आहे. करवतीचा सपाट काप दिसला तर विचारा.

सुईदोरा

सहाही बुडखे तपासले, सगळे खडबडीत. हुश्श.

एक चकती पिवळट आणि डागाळलेली आहे. ब्लीचमध्ये टाकू का?

लाकूडतोड्या

नको नको! ब्लीच हाडातला चिवट अंश खातं. आज पांढरं, काही महिन्यांनी भुगा. मेडिकलमध्ये मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात एक दिवस, मग साधं पाणी.

उलट गडद करायचं असेल तर दाट चहात रात्रभर. मुठी बनवणारे पोटॅशियम परमँगनेट वापरतात. आधी जांभळं दिसतं, घाबरू नका, मिनिटभरात तपकिरी होतं. हातमोजे घाला, नाहीतर तुमचीही बोटं आठवडाभर तपकिरी.

निळाई

आणि ढलप्या आणि भुसा? की ते टाकून द्यायचं?

लाकूडतोड्या

टाकायचं काय! ओलं घासलेला भुसा वाळवून डबीत भरा. लाकडात नक्षीचा चर कोरा, त्यात भुसा ठासा, वरून पातळ गोंद, वाळल्यावर घासा. गडद लाकडावर हस्तिदंती रेघ उमटते. बटणातला तडाही असाच बुजवता येतो, रंग अचूक जुळतो कारण तोच पदार्थ. डबी उघडतानाही मास्क.

ढलप्यांमधल्या बोटभर लांब, सरळ तंतूंच्या असतील त्या वेगळ्या करा. त्यांच्या जाड सुया होतात. विणलेले तुकडे जोडायला लागते तसली बोथट सुई. नेढं आधी पाडायचं, सुईचा आकार मग द्यायचा. उलटं केलंत की नेढ्यापाशीच मोडते.

सुईदोरा

महिना झाला. शेवटचा हिशोब देते.

सुया पाच, त्यातली एक रोज वापरात. आधीच्या धातूच्या सुईसारखी लोकरीतून सुळकन निसटून जमिनीवर पडत नाही. त्या सुयांसाठी एका फाट्याचं भेंड पोखरून नळी केली. भेंड पोखरणं हे या खोक्यातलं सगळ्यात सोपं काम निघालं, जुन्या स्क्रूड्रायव्हरनं कुरकुर करत निघतं. झाकणाला चामड्याची गोल चकती.

आणि कंगवा! सहा पाट्या, दोन पट्ट्या, सात पितळी रिव्हेट. पाट्या घासायलाच चार संध्याकाळी गेल्या. दाते पाडताना वर एक पट्टी बांधून घेतली होती, करवत ठरावीक खोलीला थांबावी म्हणून. तरी दोन ठिकाणी हात पुढं गेलाच, बाजूच्या पट्टीवर बारीक खूण आहे. गारगोटी, तुमच्या त्या हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची आठवण आली. दाते एकतीस होते. काल केस विंचरले, आता तीस आहेत. तुटलेला कडेचा आहे, तिथं पाटीच्या आत थोडं भेंड राहून गेलं होतं. लाकूडतोड्यादादांनी बजावलं होतं, मीच आळस केला.

साडेतीन किलोतलं अजून सव्वादोन किलो शिल्लक आहे. वाकड्या ठोकळ्यांपैकी दोन चामडेबाज यांच्या सांगण्याप्रमाणे आरीला आणि टोचणीला लावले. सहा बुडख्यांचं काही केल्या सुचत नाहीये.

चामडेबाज

तळाचा पातळ काप काढा. कडी सोबत ठेवून सात-आठ मिलिमीटरचा. मागून दोन खाचा, पट्ट्याचं बक्कल. कडीचे खडबडीत मणी भोवतीनं दिसतात, कोरीवकामाची गरजच नाही.

गारगोटी

एक मला हातोडा म्हणून पाठवा, टपालखर्च माझा.

रानवाट

गारगोटी, सीमेपलीकडून पाठवायला लावू नका. परवाना लागेल, आणि भारतात तर तो पार्सलवाला तुमच्याआधी कस्टमवाल्यांनाच भेटेल.

गारगोटी

बरं बरं. फोटो पाठवा मग.

सुईदोरा

बक्कल करून बघते. आज रविवार आहे, गॅलरीत ऊन आहे, नवरा बाहेर गेलाय. मास्क घातलाय, दादा.